सतृणाभ्यवहारी वाचकाच्या बाजूने

१

राजशेखराने 'काव्यमीमांसे'त भावकाचे, म्हणजे काव्याचा आस्वाद घेणाऱ्याचे आणि निवाडा करणाऱ्याचे, चार प्रकार नोंदवले आहेत. ज्याला सहसा काही रुचत नाही तो अरोचकी. धान्याबरोबर गवतही खाणारा, म्हणजे पुढे येईल ते वाचणारा, तो सतृणाभ्यवहारी. दुसऱ्याचा गुण दिसत असूनही तो मान्य न करणारा तो मत्सरी. आणि हजारांत एखादाच सापडणारा तो तत्त्वाभिनिवेशी. मराठी समीक्षेने यांपैकी पहिल्याला आदर्श मानले, तिसऱ्याला व्यवहारात पुरेशी जागा दिली, चौथ्याचे नाव गौरवग्रंथांसाठी राखून ठेवले आणि दुसऱ्याला दाराबाहेर उभे केले. त्या दाराबाहेरच्या वाचकाची बाजू मांडणे हा या लेखाचा हेतू आहे.

ही बाजू औदार्यापोटी मांडायची नाही. 'लोकांना हलकेफुलकेही वाचू द्यावे' अशी सहिष्णुता आपल्याकडे मुबलक आहे आणि ती निरुपयोगी आहे. कारण तिच्यामुळे वाचनाची उतरंड जशीच्या तशी राहते, फक्त खालच्या मडक्यांविषयी थोडा कळवळा व्यक्त होतो. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे वेगळे आहे. पाककृतींची, पक्षी ओळखण्याची, विणकामाची, किल्ल्यांच्या वाटा सांगणारी पुस्तके आणि कथा-कादंबऱ्या यांचे वाचन एकाच वाचकाच्या एकाच महिन्यात, एकमेकाला लागून घडते. ही वाचने एकमेकांना घडवतात. ही लगतता दृष्टीआड केल्यामुळे आपल्या समीक्षेचे ललित साहित्याचे वाचनही दुबळे झाले आहे. मार्गदर्शक पुस्तकांचे यात फारसे बिघडलेले नाही. ती खपतात आणि वापरली जातात. बिघडले आहे ते कादंबरीचे.

आपल्या सिद्धांतांतील वाचक कसा आहे ते आधी पाहू. मर्ढेकरांच्या 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) मधील रसिक एका कलाकृतीसमोर उभा आहे आणि संवाद, विरोध व समतोल या लयतत्त्वांचा प्रत्यय घेत आहे. आदल्या संध्याकाळी त्याने काय वाचले, हा प्रश्न तेथे संभवतच नाही. रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसे'त (१९७४) साहित्याची संकल्पना लौकिकतावाद आणि अलौकिकतावाद अशा दोन ध्रुवांमध्ये ताणलेली आहे असे दाखवले. ही मांडणी दार उघडणारी होती. परंतु तिचा आधार घेणाऱ्यांनी लौकिक ध्रुवावर उभे केले ते वास्तववादी कादंबरीला; खरोखर लौकिक ग्रंथाला तेथेही प्रवेश मिळाला नाही. १९६७ नंतर कॉन्स्टन्स विद्यापीठातील याउस आणि ईझर यांनी वाचकाला केंद्रस्थानी आणले, आणि आपणही ते आनंदाने आणले. पण ईझरचा अभिप्रेत वाचक एका संहितेतील रिक्त जागा भरणारा, त्या संहितेनेच घडवलेला वाचक आहे. आणि याउसचे अपेक्षांचे क्षितिज मुख्यत्वे पूर्वपरिचित साहित्यप्रकारांनी आखलेले आहे. म्हणजे रसिक गेला, वाचक आला. तरी त्याच्या टेबलावर पुस्तक एकच राहिले. असा वाचक प्रत्यक्षात कोठेही नाही. विद्यापीठात तर मुळीच नाही.

२

वाचनाचा अभ्यास करायचा तर पुस्तक हे एकक अपुरे आहे. एकक काळाचे हवे. एक महिना हे त्यासाठी सोयीचे परिमाण आहे. तो कोणाचाही चालेल. हाताशी असलेला पुरावा म्हणून प्रस्तुत लेखकाचा गेला पौष घेऊ. त्या महिन्यात पुढील पुस्तके वाचनात आली: सलीम अलींचे 'द बुक ऑफ इंडियन बर्ड्स' (पहिली आवृत्ती १९४१), पक्ष्यांवरून वानरांकडे वळल्यामुळे सारा ब्लॅफर हर्डी यांचे 'द लंगूर्स ऑफ आबू' (१९७७), कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' (१९७०), लोकरीच्या विणकामाची एक पातळ पुस्तिका, प्र. के. घाणेकरांचे 'साद सह्याद्रीची, भटकंती किल्ल्यांची'. दुर्गा भागवतांचे 'ऋतुचक्र' (१९५६) आणि त्यांचेच 'खमंग'. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' (१९८२). श्याम मनोहरांची 'कळ' (१९९६). आणि बाबूराव अर्नाळकरांच्या दोन रहस्यकथा.

या यादीत वैशिष्ट्यपूर्ण असे काही नाही, आणि हेच तिचे महत्त्व आहे. ती अभिरुचीचे प्रदर्शन नव्हे. थंडीत स्थलांतर करून आलेले पक्षी दिसतात म्हणून पक्ष्यांचे पुस्तक निघते. घरात लोकर येते म्हणून विणकामाची पुस्तिका निघते. सुटी आली की किल्ल्यांचे. कथा-कादंबऱ्या या निमित्तांच्या मधल्या जागांत वाचल्या जातात. प्रत्येक पुस्तकाला वाचनाची स्वतःची रीत आहे. 'रुचिरा' कोणी पहिल्या पानापासून सलग वाचत नाही. पक्ष्यांचे पुस्तक पक्षी उघडतो, वाचक नव्हे. 'सत्तांतर' कोणी अनुक्रमणिका पाहून मधूनच काढत नाही. 'कळ' मात्र मागेपुढे, थांबून थांबून वाचावी लागते. आणि तशी ती वाचता येण्यासाठी लागणारी सवय ही तुकड्यातुकड्यांनी वाचायच्या पुस्तकांनीही लावलेली असू शकते, ही शक्यता आपल्या समीक्षेने कधी विचारात घेतलेली नाही.

या यादीतील दुर्गाबाईंच्या दोन पुस्तकांकडे विशेष लक्ष वेधायचे आहे. 'ऋतुचक्र' हे मराठी ललितगद्यातील मानाचे पान आहे. त्याच्या भाषेवर, संवेदनाविश्वावर पुष्कळ लिहिले गेले आहे. 'खमंग' हे खाद्यपदार्थांविषयीचे पुस्तक आहे, आणि दुर्गाबाईंच्या वाङ्मयाचा विचार करणारे लेख त्याचा उल्लेख सूचीत करून पुढे जातात. पण हात एकच आहे. झाडाला मोहोर नेमका केव्हा आणि कसा येतो हे पाहणारी नजर आणि भाजणी केव्हा झाली हे वासावरून ओळखणारी नजर यांत ज्ञानाच्या दृष्टीने कोणता भेद आहे? दोन्हीकडे ज्ञानेंद्रियांनी मिळवलेली अचूकता आहे. दोन्हीकडे ती वाक्यात उतरवली आहे. एका वाक्याला आपण संवेदनशीलता म्हणतो, दुसऱ्याला कृती म्हणतो, आणि हा भेद वाक्यात नसून पुस्तक ज्या कपाटात ठेवले त्या कपाटात असतो.

३

त्या कपाटाचे नाव 'ललितेतर' असे आहे. सूचींत, पुरस्कारांच्या वर्गवारीत, ग्रंथालयांच्या अहवालांत, प्रबंधांच्या प्रस्तावनांत हा शब्द निर्वेधपणे वापरला जातो. त्याची रचना पाहावी. स्वयंपाक, ज्योतिर्विज्ञान, गिर्यारोहण, शेती, शिवणकाम, इतिहास, कायदा या सर्वांना समान असा एकच गुण तो नोंदवतो: ते ललित नाहीत. हे वर्गीकरण नव्हे. ज्या भाषेत जगाविषयीच्या सगळ्या लेखनाला कवितेच्या अभावावरून नाव पडते, त्या भाषेच्या वाङ्मयीन संस्कृतीला जगाविषयी फारशी उत्सुकता नाही, असाच निष्कर्ष काढावा लागतो.

ही वृत्ती परंपरेने आलेली आहे असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. मम्मटाने काव्याच्या कारणांत शक्ती आणि अभ्यास यांच्याबरोबर निपुणता सांगितली, आणि ती लोक, शास्त्र व काव्य यांच्या अवलोकनाने येते असे म्हटले. शास्त्र म्हणजे काय हे सांगताना त्याने व्याकरण आणि कोश यांच्याबरोबर हत्ती, घोडे आणि खड्ग यांची लक्षणे सांगणारे ग्रंथही गणले. आजच्या भाषेत हीच ती छंदांची आणि व्यवसायांची मार्गदर्शक पुस्तके. कवीने ती वाचलेली असावीत अशी अपेक्षा अकराव्या शतकातील आचार्याला होती. कवीकडून जे मागितले ते कवीच्या वाचकाकडून मागू नये, असे आपण केव्हा ठरवले?

मराठी गद्याचा आरंभही याला साक्ष आहे. 'लीळाचरित्रा'चा गौरव आपण आद्य गद्यग्रंथ म्हणून करतो. त्याच परंपरेतील 'स्थानपोथी' मात्र अभ्यासकांच्या संशोधनापुरती उरते. चक्रधरांच्या वास्तव्याची ठिकाणे कोठे, कोणत्या दिशेला, कोणत्या देवळाजवळ आहेत हे सांगणारा तो ग्रंथ आहे. स्थानवंदनाला निघालेल्या महानुभावाच्या उपयोगाचा. घाणेकरांच्या पुस्तकात किल्ल्याची वाट कोठे फुटते, पाण्याचे टाके कोठे आहे हे वाचताना आपण मराठी गद्याच्या एका अत्यंत जुन्या रीतीच्या सान्निध्यात असतो. ती रीत 'ललितेतर' नव्हे. ती मुळातली आहे.

आता या पुस्तकांच्या भाषेकडे वळू, कारण खरा मुद्दा तेथे आहे. पाककृतीचे परंपरागत क्रियापद विध्यर्थी असते: घ्यावे, चिरावे, परतावे, उतरवावे. कर्ता अनुक्त. हे करणारी कोण हे वाक्य सांगत नाही, कारण सांगण्याची गरज समाजाने ठेवलेली नव्हती. एखाद्या स्त्रीवादी अभ्यासकाने मराठी विध्यर्थाचा हा वापर तपासला तर कादंबऱ्यांतील स्त्रीप्रतिमांच्या दहा प्रबंधांपेक्षा अधिक हाती लागेल. 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा ही घरातली मापे प्रमाण मानली, हीही संकल्पनात्मक घटना आहे. वाटी घरोघरी लहानमोठी असते. म्हणून अशी कृती आकडा सांगत नाही, प्रमाण सांगते. स्वयंपाकघराची परंपरा ज्या मुलीला प्रत्यक्ष सासूआजेसासूकडून मिळणार नव्हती तिच्यासाठी ती परंपरा संहितेत उतरली, आणि उतरताना तिने आपले अंदाज गुणोत्तरात मांडले. मौखिकतेकडून लिखिताकडे होणाऱ्या संक्रमणाविषयी आपण परदेशी ग्रंथांतून उतारे देतो. ते संक्रमण आपल्या घरातल्या तेलकट पानांवर होऊन गेले.

अशा आज्ञार्थी संहितांच्या वाचनाचा सिद्धांत आपल्याकडे नव्हता असेही नाही. पूर्वमीमांसा म्हणजे दुसरे काय? विधिवाक्य ऐकल्यावर जी प्रवृत्ती उद्भवते तिला मीमांसकांनी भावना म्हटले आणि तिच्या तीन अपेक्षा सांगितल्या: काय साधायचे, कशाने साधायचे आणि कसे साधायचे, म्हणजे साध्य, साधन आणि इतिकर्तव्यता. विणकामाची कोणतीही पुस्तिका उघडावी. बाही साध्य, लोकर आणि सुया साधन, इतके टाके घालून एक ओळ सुलट, एक ओळ उलट ही इतिकर्तव्यता. या तिन्हींपैकी एक जरी संदिग्ध राहिली तरी संहिता फसते, आणि फसली हे हातातल्या बाहीवरून कळते. आता रसचर्चेच्या इतिहासात पाहावे. भट्टनायकाने रसप्रक्रियेसाठी भावकत्व हा व्यापार मांडला तो मीमांसेतील भावनेच्या संकल्पनेचा आधार घेऊन. त्याचा 'हृदयदर्पण' लुप्त झाला. अभिनवगुप्ताने केलेल्या खंडनातून तो आपल्याला माहीत आहे. म्हणजे काव्याचा वाचक काय करतो हे समजून घेण्याची एक मोठी भारतीय युक्ती कृतिग्रंथांच्या वाचनशास्त्रातून आलेली आहे. रसाचे नाव घेऊन जे पाककृतीला कमी लेखतात त्यांनी आपल्या सिद्धांताची वंशावळ एकदा तपासून घ्यावी.

तीच गोष्ट उपमेची. सलीम अलींच्या पुस्तकात पक्ष्याचा आकार चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबूतर, कावळा अशा परिचित पक्ष्यांच्या तुलनेने सांगितलेला असतो. न्यायदर्शनात उपमान हे स्वतंत्र प्रमाण आहे. गवय गाईसारखा असतो असे ऐकलेला माणूस रानात जातो, तसा प्राणी पाहतो आणि हाच गवय हे जाणतो. माळावर दुर्बीण घेऊन उभा असलेला हौशी निरीक्षक हुबेहूब हेच करत असतो. आपल्या समीक्षेला उपमा फक्त अलंकार म्हणून ठाऊक आहे. उपमेने ज्ञान होते, आणि चुकीच्या उपमेने चुकीचे ज्ञान होते, ही जाण नसल्यामुळे आपल्या कवितेवरील लेखांत प्रतिमा 'तरल', 'उत्कट' आणि 'अर्थगर्भ' असतात. त्या बरोबर आहेत की नाहीत असा प्रश्न कोणी विचारत नाही.

४

एवढ्याने लगततेचा मुद्दा सिद्ध होत नाही. त्यासाठी ललित कृतीचे वाचन बदलते हे दाखवले पाहिजे. 'सत्तांतर' हे उदाहरण त्या दृष्टीने निर्णायक वाटते. माडगूळकरांच्या या लघुकादंबरीला १९८३ चा साहित्य अकादेमी पुरस्कार मिळाला. वानरांच्या टोळीवरील नराचे वर्चस्व, त्याला बाहेरून मिळणारे आव्हान, टोळीचा ताबा बदलणे आणि त्यानंतर पिलांवर येणारा घाला, असा तिचा विषय आहे. तिच्याविषयी आपण सर्वांनी ऐकलेले आणि परीक्षेत लिहिलेले वाक्य असे: वानरांच्या रूपकातून मानवी सत्तासंघर्षाचे चित्रण. शीर्षक राजकीय आहे. त्यामुळे हे वाक्य सहज सुचते आणि सुचताक्षणी वाचन संपते.

हे वाक्य कोणत्या वाचकाला अपरिहार्य वाटते? ज्याच्या महिन्यात वानरांविषयीचे दुसरे काहीही नाही त्याला. वानर हे वानर म्हणून ज्याला अपरिचितच आहेत, त्याच्यापुढे रूपकाखेरीज मार्ग उरत नाही. याउलट १९६०च्या दशकात धारवाडच्या परिसरात युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने वानरटोळ्यांतील असाच सत्तापालट आणि त्यातील पिलांची हत्या नोंदवली होती, आणि १९७७ मध्ये हर्डी यांनी अबूच्या वानरांवरील ग्रंथात तिचे स्पष्टीकरण मांडले होते, हे ज्याला ठाऊक आहे तो वेगळे वाचतो. हर्डी यांच्या मते नव्या नराने दूधपिती पिले मारल्यावर माद्या लवकर प्रजननक्षम होतात आणि त्याला आपली संतती निर्माण करण्याची संधी मिळते. हे मत मान्य नसणाऱ्यांनी या हत्येला गर्दी आणि मानवी हस्तक्षेप यांतून आलेली विकृती म्हटले. म्हणजे वाद असा होता: जे आपल्याला क्रौर्य दिसते ते निसर्गक्रमाचा भाग आहे की त्या क्रमाचा भंग?

माडगूळकरांनी हे संशोधन कितपत वापरले हा येथे विषय नाही. प्रभावाचा शोध हा समीक्षेचा आणखी एक पळमार्ग आहे. मुद्दा असा की, हा वाद मनात असलेल्या वाचकाला 'सत्तांतर'मधील निवेदनाचा संयम दिसू लागतो. निवेदक हत्येला नैतिक नाव देत नाही आणि निसर्गाच्या नावाने तिचे समर्थनही करीत नाही. कृतीचा सारा ताण या न बोलण्यात आहे. रूपकवादी वाचन नेमका तोच ताण घालवते, कारण त्याच्या लेखी उत्तर आधीच ठरलेले आहे: ही माणसांची गोष्ट आहे. ज्या लेखकाने माणसाखेरीजच्या जीवसृष्टीला मराठी कादंबरीत स्वतःच्या हक्काने जागा दिली, त्याला आपण पुन्हा माणसावरचा बोधकथाकार करून सोडले. आणि हे केले कोणी? ललित साहित्याचे पावित्र्य राखणाऱ्या, गवताला तोंड न लावणाऱ्या अरोचकी समीक्षेने.

हाच न्याय इतरत्रही लावता येईल. डॉ. केतकरांनी एकीकडे 'महाराष्ट्रीय ज्ञानकोश' सिद्ध केला आणि दुसरीकडे 'ब्राह्मणकन्या'सारख्या कादंबऱ्या लिहिल्या. त्यांच्या कादंबऱ्यांत कलात्मकता कमी आहे ही तक्रार पिढ्यान्‌पिढ्या पुढे चालत आली. त्या तक्रारीत तथ्य नाही असे नव्हे. पण कोशकाराची जिज्ञासा कादंबरीचे रूप कसे बदलते हा प्रश्न तिच्यामुळे मागे पडला. श्याम मनोहरांची भूमिका, की कादंबरी हेही ज्ञाननिर्मितीचे साधन आहे, आपण मुलाखतींतून उद्धृत करतो आणि त्यांच्या कादंबऱ्यांवर लिहिताना तिरकस विनोदाची चर्चा करून थांबतो. कारण ज्ञान हे मूल्य म्हणून तपासायला लागणारी सामग्री ज्या वाचनातून येते ते वाचन आपण शिष्टसंमत मानलेले नाही.

५

यावर दोन दिशांनी आक्षेप येतील. पहिला जुन्या सौंदर्यवाद्यांचा: उपयुक्त संहिता वाचकाला जगाकडे पाठवते, कलाकृती त्याला स्वतःपाशी थांबवते; हा भेद पुसला तर साहित्य ही संकल्पनाच उरणार नाही. भेद आहे हे मान्य. लुईझ रोझेनब्लॅट यांनी १९७८ मध्ये तो अधिक नेमका मांडला: वाचनातून काही घेऊन जाण्याचा हेतू असलेले वाचन आणि वाचतानाच्या अनुभवाकडे लक्ष असलेले वाचन. पण हा भेद त्यांनी पुस्तकांच्या दोन जातींमध्ये ठेवला नाही, वाचकाच्या भूमिकेत ठेवला, आणि त्या दोन टोकांमध्ये सलग पट्टा मानला. 'रुचिरा' भूक नसताना, केवळ तिच्या वाक्यांसाठी वाचता येते. परीक्षेसाठी वाचलेली 'कोसला' ही तर शुद्ध उपयुक्त संहिता होऊन बसते. अलौकिकाचे रक्षण करू पाहणाऱ्यांनी ललित कृतीचे सर्वांत लौकिक वाचन आपल्याच वर्गात चालते याकडे आधी लक्ष द्यावे.

दुसरा आक्षेप आक्षेप म्हणून येणार नाही. तो पाठिंबा म्हणून येईल, आणि तो अधिक घातक आहे. सर्व काही संहिताच आहे, श्रेष्ठकनिष्ठ हा सत्तेचा खेळ आहे, तेव्हा पाककृती आणि कादंबरी सारख्याच, असे म्हणणारा एक वर्ग गेल्या काही दशकांत आपल्याकडे तयार झाला आहे. प्रस्तुत लेखकाला हा पाठिंबा नको आहे. स्टॅन्ली फिश यांनी १९८० च्या ग्रंथात सांगितलेली हकीकत या वर्गाची आवडती आहे: फळ्यावर उरलेली भाषाभ्यासकांच्या नावांची यादी त्यांनी विद्यार्थ्यांना कविता म्हणून दिली आणि विद्यार्थ्यांनी तिच्यातून धार्मिक काव्याचा अर्थ काढून दाखवला. तात्पर्य, अर्थ संहितेत नसून वाचकसमूहाच्या संकेतांत असतो. या प्रयोगाची उलट बाजू कोणी करून पाहिली नाही. त्याच विद्यार्थ्यांना विणकामाची पुस्तिका देऊन बाही मागायला हवी होती. संकेतांचा कितीही समर्थ समूह असला तरी उलट टाक्याला सुलट म्हणून बाही होत नाही. ज्या संहितेत चुकीच्या वाचनाची किंमत मोजावी लागते, अशा संहितांच्या वाचनातूनच वाचकाला हे उमजते की काही वाचने चुकीची असतात. हा धडा ज्याला मिळालेला नाही, त्याच्या हाती कादंबरी गेली की सगळेच अर्थ शक्य होतात. म्हणजेच कोणताही अर्थ महत्त्वाचा राहत नाही.

म्हणून सरमिसळ वाचन म्हणजे समान मूल्य नव्हे. गवत खाणाऱ्यालाच गवत आणि धान्य यांतील फरक जिभेने कळतो. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि वाचकांच्या काही पिढ्यांना पाने उलटायला शिकवले. हे ऋण मान्य करूनही असे म्हणता येते की, त्या महिन्यात वाचलेल्या दोन्ही कथांत वेग होता, पण उलगड्याला लागणारा पुरावा वाचकाच्या हाती आधी दिलेला नव्हता. हा दोष दिसतो तो विणकामाच्या पुस्तिकेने लावलेल्या हिशेबी सवयीमुळे. मार्गदर्शक पुस्तकांतही चांगले-वाईट असते, आणि बाजारात वाईटच अधिक असते: इंग्रजीवरून घाईने उतरवलेली, मराठीत ज्या वस्तूला नाव आहे तिलाही परके नाव देणारी, एक पायरी गाळून पुढे जाणारी. ती तशी राहतात, कारण त्यांचे परीक्षण होत नाही. ज्या लेखनाला टीकाकारच नाही ते सुधारावे कशासाठी?

६

यात पणाला काय लागले आहे? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याचा आनंद रास्त आहे. परंतु भाषेची प्राचीनता सिद्ध करणे आणि भाषेत आज पक्षी, रोप, यंत्र, टाका, आजार यांविषयी नेमके बोलता येणे या दोन गोष्टी आहेत, आणि दुसरी दर्जाने मिळत नाही. ती रोजच्या गद्यात कमवावी लागते. ते गद्य आज मुख्यतः अशाच पुस्तकांत लिहिले जाते, आणि वाङ्मयीन संस्कृतीने त्याच्याकडे पाठ फिरवली आहे. उद्याच्या कादंबरीकाराला जग वर्णायला जे शब्द लागतील ते या गद्यात जगले तरच त्याला मिळतील.

पदव्युत्तर वर्गांपुरते बोलायचे तर चित्र विचित्र आहे. मार्गदर्शक पुस्तकांविषयी तुच्छता बाळगणाऱ्या विभागांत विद्यार्थी वर्षभर जे एकच पुस्तक निष्ठेने वाचतो त्याचे नाव 'गाईड' असेच आहे. मात्र दोहोंत भेद आहे. छंदाचे मार्गदर्शक पुस्तक वाचकाला वस्तूकडे पाठवते. परीक्षेचे गाईड त्याला वस्तूपासून दूर ठेवते. पहिल्याचा तिरस्कार करता करता आपण दुसऱ्याचे आश्रयदाते झालो आहोत.

तेव्हा मागणी अशी. वाङ्मयीन नियतकालिकांनी 'ललितेतर' हा शब्द टाकावा आणि पाककृतीच्या, शेतीच्या, निसर्गनिरीक्षणाच्या पुस्तकांची परीक्षणे त्यांच्या गद्यासकट, जाणकारांकडून करून घ्यावीत. वाचनसिद्धांत शिकवणाऱ्याने विद्यार्थ्याला ईझरवरील टिपणाऐवजी त्याच्या स्वतःच्या एका महिन्याच्या वाचनाची प्रामाणिक नोंद मागावी. तिच्यात स्पर्धापरीक्षेची पुस्तके, आरत्यांचा संग्रह, मोबाईल दुरुस्तीची पुस्तिका आणि एखादी कादंबरी असेल, आणि या पुस्तकांनी एकमेकांचे काय केले हे त्याला लिहायला लावावे. कादंबरीवर लिहिणाऱ्याने कादंबरी ज्या जगाविषयी आहे त्या जगावरचे निदान एक पुस्तक वाचून मग रूपकाची भाषा बोलावी.

राजशेखर सतृणाभ्यवहारी वृत्तीविषयी एक महत्त्वाची गोष्ट सांगतो: ती सर्वांना समान आहे, कारण व्युत्पत्ती मिळवू पाहणाऱ्या प्रत्येक जिज्ञासूची सुरुवात सर्वत्र तिच्यापासूनच होते. अरोचकीचेही तो दोन भाग करतो. एकाची अरुची उपजत असते आणि शंभर संस्कारांनीही जात नाही. दुसऱ्याची ज्ञानातून आलेली असते आणि खरोखर विशेष असे काही समोर आले की ती रुचीत बदलते. मराठी समीक्षेची अरुची या दोहोंपैकी कोणती? उपजत म्हणावी तर ती पदवीनंतर येते. ज्ञानातून आलेली म्हणावी तर ज्ञानाच्या पुस्तकांकडे ती फिरकत नाही. ती अभ्यासक्रमातून आलेली आहे, आणि या तिसऱ्या प्रकाराची नोंद करण्याची वेळ राजशेखरावर आली नव्हती.